जुन्या वास्तूसाठी निधी हवाय? मग अर्जाआधी भिंतीला हात लावू नका

जुन्या वास्तूंची पाहणी करून निधीचे अर्ज तयार करण्याचं काम आम्ही करतो. आमच्याकडे येणाऱ्या वास्तुमालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "आमच्या इमारतीला पैसे मिळतील का?" इमारत किती वर्षांची आहे, किती खणांची आहे, हे ते लगेच सांगतात. निधी देणारी संस्था मात्र या गोष्टींवर फार वेळ थांबत नाही. इथे जपण्यासारखं नेमकं काय आहे, त्यातलं आजवर किती शाबूत राहिलं आहे आणि दिलेले पैसे संपल्यावर त्याची निगा कोण राखणार, हे तिला जाणून घ्यायचं असतं. या तीन प्रश्नांची उत्तरं तयार करायला मदत व्हावी म्हणून हे माहितीपत्रक आहे.

त्याआधी एक कळकळीची विनंती. अर्ज करायचं मनात असेल, तर आजपासून दुरुस्तीचं कोणतंही काम सुरू करू नका. मंजुरीआधी सुरू झालेल्या किंवा होऊन गेलेल्या कामाला बहुतेक निधीतून पैसे मिळत नाहीत. त्याहून मोठं नुकसान वेगळंच असतं. एका कुटुंबाने पाहणीला माणसं येणार म्हणून दर्शनी भिंत नीटनेटकी करून घेतली. जुना चुन्याचा गिलावा खरवडला आणि त्यावर सिमेंट चढवलं. त्या गिलाव्यात हाताने उठवलेली नक्षी होती आणि अर्जाचा सगळा आधार तीच होती. आम्ही पोहोचलो तेव्हा राडारोडासुद्धा उचलून झाला होता. हेतू चांगला होता आणि पैसेही घरचेच गेले होते. त्या अर्जात मग लिहिण्यासारखं काही उरलं नाही. आम्हाला ते अजून लागून राहिलं आहे, म्हणून ही विनंती सगळ्यांत वर.

छप्पर गळत असेल, भिंत कलली असेल, तर अर्थातच थांबू नका. ताडपत्री टाका, टेकू द्या, माणसांना बाजूला हलवा. फक्त आधी फोटो काढा, तारखेसह दोन ओळी लिहून ठेवा आणि अर्ज दिलेला असेल तर संस्थेला लेखी कळवा. काढून घेता येईल असा तात्पुरता आधार कोणी चूक मानत नाही.

पुरस्कार, अनुदान आणि यादी

हे तीन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात आणि तिथेच गोंधळ होतो. अनुदान होणाऱ्या कामासाठी मिळतं. पुरस्कार झालेल्या कामाला मिळतो. युनेस्कोचे आशिया-प्रशांत विभागाचे वारसा संवर्धन पुरस्कार २००० सालापासून दिले जातात. तिथे इमारत ५० वर्षांहून जुनी लागते, काम गेल्या १० वर्षांत पूर्ण झालेलं लागतं आणि त्यानंतर ती वास्तू प्रत्यक्ष वापरात असावी लागते. तिथे मिळतो तो मान. १९७७ साली सुरू झालेला आगा खान वास्तुकला पुरस्कार दर तीन वर्षांनी दिला जातो, त्यात मोठी रक्कम आहे आणि जतनाच्या कामांचाही विचार होतो, पण तोही पूर्ण झालेल्या कामांसाठीच आहे. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वास्तुजतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची धोक्यातल्या वारसास्थळांची यादी दर दोन वर्षांनी निघते. यादीत नाव येणं म्हणजे हातात पैसे येणं नव्हे, पण त्यानंतर इतर दारं उघडायला मदत होते.

म्हणून आधी ठरवा: काम व्हायचं आहे की झालं आहे? व्हायचं असेल तर अनुदानाच्या मागे लागा. पुरस्काराचा विचार काम संपून इमारत वापरात आल्यावर करा. मात्र त्याला लागणाऱ्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवायला हव्यात.

चाळणी कुठे लागते

प्रत्येक निधीची नियमावली वेगळी असते आणि ती मुळातून वाचण्याला पर्याय नाही. तरी चाळणीची ठिकाणं साधारण सारखीच असतात. वयाची अट असते आणि ५० वर्षं हा आकडा अनेक ठिकाणी दिसतो. इमारत वारसा म्हणून अधिकृत यादीत आहे का, हे विचारलं जातं. काही निधी फक्त विश्वस्त संस्थांना किंवा सार्वजनिक संस्थांना मिळतात. खाजगी मालकाला मिळाला, तर वर्षातले काही दिवस लोकांना वास्तू पाहू देण्याची अट असू शकते. घरातल्या सगळ्यांना ही अट मान्य आहे का, हे सही करण्याआधीच विचारा. नंतर कटकटी होतात.

अर्ज सर्वांत जास्त अडतात ते मालकीपाशी. इमारतीला चार हिस्सेदार असतील तर चौघांची लेखी संमती लागते. एक परदेशात असतो, दुसऱ्याशी बोलणं बंद असतं आणि तिसऱ्याला इमारत विकायची असते. हा गुंता मुदतीच्या आदल्या आठवड्यात सुटत नाही. नकाशांवर खर्च करण्याआधी हे मिटवा, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. भाडेपट्ट्यावर इमारत असेल, तर पट्टा अजून किती वर्षांचा आहे आणि मूळ मालक दुरुस्तीला परवानगी देतो का, हेही कागदावर हवं.

"खूप सुंदर, खूप जुनी" याने काही होत नाही

अर्जातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग म्हणजे वास्तूचं महत्त्व सांगणारं टिपण. दीडदोन पानांचंच असतं, पण पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं राहतं. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही, हे या टिपणावरून ठरतं. म्हणूनच ते आम्ही मालकाबरोबर बसून लिहितो, एकट्याने लिहीत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या बुरा गावी १९७९ साली तिथल्या संवर्धनतज्ज्ञांनी स्वीकारलेली एक सनद आहे. त्यानंतर तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आणि ती आज जगभर वापरली जाते. ती वास्तूचं महत्त्व सौंदर्य, इतिहास, शास्त्र, समाज आणि अध्यात्म अशा अंगांनी तपासायला सांगते. सगळी अंगं भरलीच पाहिजेत असं नाही. एखाद्या साध्या गोदामाला सौंदर्याचं अंग फारसं नसेल, पण ज्यांच्या तीन पिढ्या तिथे राबल्या त्या लोकांच्या आठवणीत त्याची जागा मोठी असते. ती जागाही महत्त्वाचीच.

टिपण लिहिताना आम्ही मालकांना एक प्रश्न विचारतो: हे उद्या नाहीसं झालं, तर नेमकं काय परत मिळणार नाही? "आमची वास्तू अत्यंत देखणी आणि ऐतिहासिक आहे" हे वाक्य कुठल्याही अर्जात चालेल, म्हणून ते कुठल्याच अर्जाच्या कामाचं नाही. त्याऐवजी "वरच्या मजल्याच्या तुळया लोखंडी खिळा न वापरता लाकडी सांध्यांनी जोडल्या आहेत, १४ पैकी ११ मूळ जागी आहेत आणि उरलेल्या ३ जुन्या दुरुस्तीत बदलल्या गेल्या" असं लिहिलं, की वाचणारा खुर्चीत पुढे सरकतो. त्याला वास्तू दिसते आणि लिहिणाऱ्याने वर चढून मोजलं आहे हेही कळतं.

नंतर झालेले बदल लपवू नका. मागच्या पिढीने जोडलेला सज्जा, बदललेली कौलं, वाढवलेली खोली हाही इमारतीचा इतिहासच आहे. वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणारी १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली योग्य भर मानाने सांभाळावी. घरात चालत आलेल्या गोष्टीही जरूर लिहा, पण "आम्ही असं ऐकत आलो" या शब्दांत. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून मांडली आणि ती टिकली नाही, तर खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

दुरुस्ती कशी करणार?

संस्थेचे तज्ज्ञ अर्जातलं हे प्रकरण फार बारकाईने वाचतात. त्यांना हवी असते कमीत कमी ढवळाढवळ. बुरा सनदेचा गाभा साध्या शब्दांत असा: गरज असेल तेवढंच बदला आणि होईल तितकं कमी बदला. कुजलेल्या खांबाचा पायाकडचा हातभर भाग कापून तिथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधता येत असेल, तर अख्खा खांब बदलायचा नाही. काम वेळखाऊ आहे, त्याला जाणता सुतार लागतो, पण जुना खांब जागेवर राहतो.

चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंट का नको, हे ग्राहक दर वेळी विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या भिंतीत ओल येतच असते, जमिनीतून वर चढते, पावसाने शिरते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून ती ओल वाफ होऊन बाहेर पडते. सिमेंटचा थर घट्ट आणि टणक. ओल आत कोंडते, वाट शोधत वर सरकते, सोबतचे क्षार वीट-दगडात साठतात आणि भिंतीला लोणा लागतो. शिवाय इमारत थोडी बसली, उन्हाने प्रसरण पावली, तर चुना ते सोसतो. सिमेंट सोसत नाही आणि मग मऊ वीट फुटते. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरतानाही हाच नियम: दर्जा विटेपेक्षा मऊ हव्यात, म्हणजे झीज दर्जांची होते, विटेची नाही. दर्जा पुन्हा भरता येतात. फुटलेली वीट मात्र गेली ती गेलीच.

चुकीचं साहित्य किती महागात पडतं याचा धडा अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता निकोलाओस बालानोस यांनी तिथल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचे दगड लोखंडी पकडींनी जोडले. प्राचीन कारागीरही लोखंडच वापरत, पण त्याभोवती शिसं ओतत, त्यामुळे गंज चढत नसे. नव्या पकडींना ते संरक्षण नव्हतं. लोखंड गंजून फुगलं आणि संगमरवर तडकला. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली पुढे त्या पकडी काढून टायटॅनियमच्या बसवण्यात आल्या. बालानोस यांची तळमळ खरी होती. तरीही ते काम उलगडून पुन्हा करण्यात पुढच्या पिढ्यांची कित्येक वर्षं गेली. म्हणूनच अर्जात विचारतात की तुमची दुरुस्ती उद्या काढायची झाली, तर मूळ भागाला धक्का न लावता काढता येईल का.

आणखी एक. जे होतं असा पुरावा नाही, ते घडवू नका. अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असं व्हेनिस सनद म्हणते. पडलेल्या भागाचा जुना फोटो नसेल, तर "असा असावा" म्हणून कळस चढवण्यापेक्षा पडकी कड नीट बांधून सुरक्षित करणं बरं.

नोंदी: आज काढलेला फोटो उद्या किती मोलाचा

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या वॉर्साचं जुनं शहर जवळजवळ भुईसपाट झालं. ते पुन्हा उभं राहिलं, त्यात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आधी मोजून काढलेल्या आणि जपून ठेवलेल्या नकाशांचा मोठा वाटा होता. अठराव्या शतकातल्या बेलोट्टो या चित्रकाराची शहरदृश्यंही कामी आली. १९८० साली ते शहर जागतिक वारसा यादीत गेलं. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, तेव्हा त्याआधी काही वर्षं कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी लेझरने केलेली मोजमापं हाताशी होती. ती करताना आगीची कल्पना कोणालाही नव्हती.

तुम्हाला लेझर लागेलच असं नाही. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, जमीन आणि छत यांचे फोटो, प्रत्येक तड्याजवळ मोजपट्टी ठेवून घेतलेला फोटो, मजलेवार नकाशा आणि त्यावर फोटोंचे क्रमांक इतक्याने सुरुवात होते. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा फोटो काढले, तर ओल कुठून येते ते आपोआप कळतं.

पैशांचा हिशेब

अंदाजपत्रकात लोक साहित्य आणि मजुरी धरतात, आणि परांची, राडारोडा उचलणं, नमुन्यांची तपासणी, नकाशे, तज्ज्ञांची फी विसरतात. जुनी इमारत उघडल्याशिवाय पूर्ण कळत नाही. गिलावा काढल्यावर आतली तुळई वाळवीने पोकळ निघते. त्यासाठी राखीव रक्कम ठेवा आणि ती का ठेवली हे लिहा. निधी देणाऱ्या समितीला ती उधळपट्टी वाटत नाही. उलट राखीव रक्कम नसलेलं अंदाजपत्रक पाहून तिला शंका येते.

बऱ्याच निधींमध्ये स्वतःचा वाटा घालावा लागतो. पैसे हप्त्यांनी येतात आणि अनेकदा आधी खर्च करून, बिलं दाखवून मग मिळतात. म्हणजे मंजुरीचं पत्र हातात असूनही गवंड्याला द्यायला रोख नाही, अशी वेळ येऊ शकते. ती सोय कशी करणार, हे अर्जाआधी ठरवा. नाहीतर काम उघड्या छपरानिशी थांबतं.

काम संपल्यानंतरची निगाही याच हिशेबात धरा. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा तिच्या जाहीरनाम्यात रोजच्या काळजीने पडझड टाळण्याचं आवाहन होतं. पन्हळी साफ करणं, सरकलेलं कौल नीट बसवणं, भिंतीत उगवलेलं रोप लहान असतानाच काढणं, ही कामं कोण, कधी आणि कोणत्या पैशातून करणार, याचं वेळापत्रक अर्जाला जोडा.

आमचं काम

आम्ही पाहणी करतो, मोजून नकाशे काढतो, टिपण आणि अंदाजपत्रक तयार करतो आणि काम मंजूर झालं तर त्यावर देखरेख ठेवतो. आमची फी कामाच्या टप्प्यांनुसार आधी ठरते. मंजूर रकमेचा हिस्सा आम्ही घेत नाही, कारण मग अंदाजपत्रक फुगवण्याचा मोह होतो. निधी मिळेलच अशी हमी आम्ही देत नाही. वास्तू एखाद्या निधीच्या अटींत बसत नसेल, तर पहिल्या भेटीतच तसं सांगतो. कधी कधी योग्य उत्तर इतकंच असतं की यंदा अर्ज न करता फक्त छप्पर आणि पन्हळी सांभाळा.

पहिल्या भेटीला मालकीची कागदपत्रं, जुने फोटो (लग्नसमारंभातले चालतील, मागे भिंत दिसली म्हणजे झालं), आधी झालेल्या दुरुस्त्यांची बिलं असतील तर ती, आणि तुम्ही ज्या निधीचा विचार करता आहात त्याची छापील नियमावली घेऊन या. घरात जुन्या दुरुस्त्या आठवणारं कोणी वडीलधारं असेल, तर आम्ही इमारत पाहायला येऊ त्या दिवशी त्यांना घरी थांबायला सांगा.