एन्कांग म्हणजे मन्याटा नव्हे

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याच्या सहलीत बहुतेक वेळा एखादी दुपार 'मन्याटा भेटी'साठी राखून ठेवलेली असते. आपली माणसं काटेरी कुंपणातून आत जातात, बुटकी घरं बघतात, फोटो काढतात. पण त्यांनी पाहिलेलं ते सहसा मन्याटा नसतं, एन्कांग असतं. केनियात आता सर्रास मसाई या पशुपालक जमातीच्या कुठल्याही वस्तीला मन्याटा म्हणतात; किसुमू शहरातल्या एका दाट वस्तीचं नावच मन्याटा आहे. मसाईंच्या माआ भाषेत मात्र हे शब्द वेगळे आहेत.

एन्कांग म्हणजे संसाराची जागा. काही कुटुंबं मिळून बाभळीसारख्या काटेरी झाडांच्या फांद्यांचं गोल कुंपण घालतात, रात्री गुरं मधोमध बसतात आणि घरं कुंपणालगत असतात. प्रत्येक कुटुंबप्रमुखाचं कुंपणाला स्वतःचं दार. दाराच्या उजवीकडे पहिल्या बायकोचं घर, डावीकडे दुसरीचं. घर बांधते बाईच: आधी काठ्यांचा सांगाडा, मग माती आणि शेणाचा गिलावा. पावसात छत गळलं तर लिंपायचं कामही तिचंच.

मन्याटा ही मोरानांची, म्हणजे तरुण योद्ध्यांची वस्ती. सुंता होऊन मोरान झालेली एका वयोगटातली मुलं इथे एकत्र राहतात. घरं इथेही बायकाच बांधतात, फक्त त्या मोरानांच्या बायका नव्हेत, आया! आणि या वस्तीला काटेरी कुंपण नसतं. राखण करायची ती मोरानांनीच, मग त्यांना कुंपण कशाला? मला सगळ्यात बोलका वाटतो तो हाच फरक. एन्कांगच्या कुंपणात गुरं आणि लेकरं सुरक्षित असतात. मन्याटात राहणाऱ्यांनी स्वतःच कुंपण व्हायचं असतं. जेवणाचेही नियम कडक. मोरान एकटा खात-पीत नाही आणि लग्न झालेल्या बाईच्या नजरेला पडलेलं मांस त्याला चालत नाही.

एन्कांग पिढ्यान् पिढ्या चालू राहतं, जागा बदलली तरी. मन्याटा मात्र एका वयोगटापुरता. युनोटो नावाच्या विधीत आई मुलाचे गेरू माखलेले लांब केस भादरते, तेव्हा ते दिवस सरत आलेले असतात. मसाई पुरुषांच्या तीन संस्कारविधींमधला हा एक. २०१८ साली युनेस्कोने हे तिन्ही विधी तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतले. युनोटोनंतर मोरानला लग्न करता येतं, आणि त्याची बायको एन्कांगात दाराच्या उजवीकडे काठ्या रोवायला लागते.