अस्सल जीटी-आर आणि जीटी-आर बनवलेली जीटी-टी: जुनी आर३४ घेण्याआधी फरक कसा ओळखायचा

निसानची जपानी स्कायलाइन आर३४ विकायला आहे म्हणून फोटो येतात, निळा रंग, मागे चार गोल दिवे, मोठा विंग, डिकीवर लाल आर असलेला बॅज, आणि आपण लगेच पैसे कुठून उभे करायचे याच्या हिशोबाला लागतो. पण ती गाडी फॅक्टरीतून बीएनआर३४ म्हणून बाहेर पडली की ईआर३४ म्हणून, हे त्या फोटोंवरून कळत नाही. बीएनआर३४ म्हणजे जीटी-आर. ईआर३४ म्हणजे बहुतेक वेळा २५जीटी-टी, जिला नंतर कोणीतरी जीटी-आरचे बंपर, फेंडर, बॅज चढवलेत. दोघींच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. त्यात अमेरिकेत २५ वर्षं जुन्या गाडीला तिथल्या सेफ्टी नियमांतून सूट मिळते, म्हणजे १९९९ च्या पहिल्या आर३४ जीटी-आर तिकडे २०२४ पासून रीतसर जायला लागल्या, मागणी वाढली, आणि मागणी वाढली की असा माल पण वाढतो.

आधी कोण कोण आहे ते बघू. जीटी-टीमध्ये आरबी२५डीईटी इंजिन, २४९८ सीसी, एक टर्बो, ताकद फक्त मागच्या चाकांना, गिअरबॉक्स ५ स्पीड मॅन्युअल नाहीतर ऑटोमॅटिक, बॉडी दोन दरवाजांची पण आली आणि चार दरवाजांची पण. जीटी-आरमध्ये आरबी२६डीईटीटी, २५६८ सीसी, दोन टर्बो, सहा सिलिंडरना सहा वेगळे थ्रॉटल, अटेसा नावाची फोर व्हील ड्राइव्ह सिस्टीम, गेट्राग कंपनीचा ६ स्पीड मॅन्युअल, आणि फक्त दोन दरवाजे. ऑटोमॅटिक आर३४ जीटी-आर कंपनीने बनवलीच नाही, चार दरवाजांची पण नाही, तेव्हा जाहिरातीत तसं काही दिसलं तर तिथेच थांबा. आणि जाहिरातीतल्या पॉवरच्या आकड्यावर अजिबात जाऊ नका, कारण त्या काळात जपानी कंपन्यांनी आपसांत २८० पीएसची (हॉर्सपॉवरसारखंच पॉवरचं माप) मर्यादा ठरवून घेतली होती, त्यामुळे कागदावर दोन्ही गाड्या २८० च्याच.

आता खरा मुद्दा असा की या गाडीवर जे काही नटबोल्टने लागतं ते सगळं बदलता येतं. बंपर, बोनेट, सीट, मीटर, डॅशबोर्डच्या मधला तो ५.८ इंची डिस्प्ले (जीटी-टीला तिथे साधे गोल मीटर असतात), अगदी इंजिनसुद्धा. ईआर३४ मध्ये आरबी२६ बसवलेल्या गाड्या भरपूर आहेत, म्हणून बोनेट उघडून दोन टर्बो दिसले की खात्री झाली असं समजणारे लोक फसतात. उलट अस्सल बीएनआर३४ चं इंजिन कधीतरी उडालं आणि मालकाने दुसरं आरबी२६ टाकलं तर ती जीटी-आरच राहते, किंमत थोडी खाली येईल एवढंच. गाडी कोण आहे हे ठरतं शेलवरून, म्हणजे ज्या पत्र्याच्या सांगाड्यावर चेसिस नंबर पंच केलाय त्यावरून.

तो नंबर इंजिनच्या मागच्या भिंतीवर, फायरवॉलवर, थेट पत्र्यात ठोकलेला असतो. बीएनआर३४, मग डॅश, मग सहा आकडे. इथे घाई करू नका. टॉर्च समोरून नाही, बाजूने तिरका मारा, म्हणजे अक्षरांची खोली दिसते, आणि बघा की सगळी अक्षरं सारख्या खोलीची आहेत का, एका ओळीत आहेत का, एखादं थोडं तिरकं किंवा जास्त ठळक वाटतंय का. मग नंबरच्या आजूबाजूचा हातभर पत्रा बघा, रंगाची शेड बदलते का, ग्राइंडरच्या बारीक रेघा रंगाखालून दिसतात का, बोट फिरवलं तर नंबरभोवती चौकोनी उंचवटा लागतो का. अस्सल गाडीच्या नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या शेलमध्ये वेल्ड करणं हा सगळ्यात घाणेरडा प्रकार आहे आणि तो तिथेच पकडता येतो, कारण फॅक्टरीचे स्पॉट वेल्ड ठराविक अंतरावर छोटे गोल असतात आणि नंतर केलेलं वेल्डिंग कितीही घासलं तरी पुट्टीखाली लपवावं लागतं. पेंटची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर ते तिथे लावाच. इंजिन बे मधली मॉडेल प्लेट पण वाचा, पण ती सुटी असते, काढून दुसऱ्या गाडीला लावता येते, त्यामुळे नुसती प्लेट हा पुरावा नाही, प्लेट आणि पंचिंग जुळलं पाहिजे.

मग गाडी उचला. पुढच्या चाकांना ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे ताकद नेणारे दांडे, जातात का बघा, जीटी-आरचा पुढचा डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणारा भाग) इंजिनच्या सम्पलाच, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीलाच, जोडलेला असतो. शाफ्टच नसतील तर ती मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, वर इंजिन कुठलंही असो (अस्सल जीटी-आरचे शाफ्ट कोणी काढून टाकले असतील तर ते विक्रेत्याने सांगायला पाहिजे). पण शाफ्ट आहेत म्हणजे जीटी-आर असंही नाही हां, ईएनआर३४ नावाची फोर व्हील ड्राइव्ह स्कायलाइन पण होती, विनाटर्बो, आणि जुन्या आर३२ पिढीच्या वेळी एचएनआर३२ जीटीएस-४ होती.

मागची चाकं जिथे बसतात तो भाग, क्वार्टर पॅनल, हा दुसरा मोठा साक्षीदार. आर३४ जीटी-आर १७८५ मिमी रुंद आहे, जीटी-टी त्यापेक्षा जवळपास ६ सेमी अरुंद. पुढचे फेंडर नटबोल्टचे, ते बदलले की झालं, पण मागचा भाग शेलला वेल्ड केलेला, तिथे रुंदी वाढवायची तर कापाकापी करावी लागते नाहीतर फायबर चिकटवून पुट्टी भरावी लागते. डिकीतलं अस्तर काढा आणि आतून चाकाची कमान बघा, चाकाच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. फॅक्टरीची कड एकसारखी जाते, बनवलेली कुठे ना कुठे जाड लागते.

लोहचुंबकाची ट्रिक सगळे सांगतात. जीटी-आरचं बोनेट ॲल्युमिनियमचं, चुंबक चिकटत नाही, बरोबर आहे, पण फायबरच्या बोनेटला पण चिकटत नाही आणि जीटी-आरच्याच व्ही-स्पेक २ या प्रकाराचं तर कंपनीचंच कार्बनचं आहे. त्यामुळे या टेस्टवरून निकाल लावू नका.

कागदांकडे येऊ. ऑक्शन शीट आणि एक्सपोर्ट सर्टिफिकेट हे दोन कागद लोक एकच समजतात, तसं नाहीये. ऑक्शन शीट हे जपानमध्ये जुनी गाडी लिलावात विकतात त्या दिवशी तिथल्या तपासनीसाने लिहिलेलं मत असतं, ४.५, ४, ३.५ असे ग्रेड, अपघातात दुरुस्त झालेलीला आर किंवा आरए, आणि गाडीच्या चित्रावर कुठे ओरखडा कुठे पॅनल बदललं त्याच्या खुणा. उपयोगी कागद आहे पण एडिट केलेल्या शीट फिरतात, म्हणून विक्रेत्याने पाठवलेली इमेज धरू नका, चेसिस नंबरवरून लिलावाची नोंद स्वतः काढून घ्या. एक्सपोर्ट सर्टिफिकेट हा जपानचा सरकारी कागद, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर यात जास्त नीट मिळतं. मॉडेलच्या रकान्यात जीएफ-बीएनआर३४ आहे की जीएफ-ईआर३४, इंजिनच्या रकान्यात आरबी२६ की आरबी२५, क्षमता २.५६ लिटर की २.४९, आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये. मॉडेल कोडच्या शेवटी एक जपानी अक्षर जोडलेलं दिसलं, उच्चार काई, तर त्या गाडीत मोठा बदल करून तो जपानमध्ये रीतसर नोंदवलाय, मग काय बदललं ते विचारा. इंजिनचा सिरियल नंबर त्यात शोधू नका, तिथे फक्त इंजिनचं मॉडेल लिहितात. आणि जपानच्या बाजारातल्या गाडीला १७ अक्षरी व्हीआयएन (बाकी देशांत चालणारा गाडीचा ओळख नंबर) नसतोच, त्यामुळे नेहमीच्या व्हीआयएन वेबसाइटवर काही आलं नाही म्हणून घाबरू नका. काही देश रजिस्ट्रेशनच्या वेळी स्वतःचा १७ अक्षरी नंबर देतात, तेव्हा दोन्ही नंबर मागायचे.

हीच पद्धत बाकी गाड्यांना लावताना जरा जपून. होंडाच्या सिव्हिक टाइप आरचं सोपं आहे, ईके९ हा वेगळाच कोड, साधी एसआयआर ती ईके४. पण टोयोटाच्या सुप्रामध्ये टर्बोवाली आरझेड आणि विनाटर्बो एसझेड दोन्ही जेझेडए८० च, तिथे सुरुवातीचा कोड जुळला म्हणून काहीच सिद्ध होत नाही, प्लेटवरचा पूर्ण मॉडेल कोड वाचावा लागतो आणि गिअरबॉक्स बघावा लागतो, मॅन्युअल आरझेडला गेट्रागचा ६ स्पीड आणि एसझेडला ५ स्पीड.

बनवलेली जीटी-टी म्हणजे वाईट गाडी असं मी अजिबात म्हणणार नाही. ती हलकी आहे, मागच्या चाकांवर चालते, चालवायला मस्त आहे, आणि विक्रेत्याने सरळ ईआर३४ कन्व्हर्जन म्हणून लिहिलं असेल तर त्याचा मान ठेवा, जीटी-टीची किंमत अधिक चांगल्या कामाचे पैसे द्या आणि इन्शुरन्सला पण ईआर३४ म्हणूनच सांगा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल. नंबर कापून चिकटवलेली गाडी मात्र कुठल्याही किमतीला नको, ती बहुतेक वेळा चोरीची नाहीतर टोटल लॉस झालेल्या गाडीच्या नावावर चालणारी असते, आणि उद्या जप्त झाली तर गाडी पण जाते, पैसे पण.

गाडी बघायला लांब जायच्या आधी विक्रेत्याकडे फायरवॉलवरच्या पंचिंगचा आणि एक्सपोर्ट सर्टिफिकेटचा फोटो मागा. नंबरची कोणी कॉपी करेल ही त्याची भीती खरी आहे, शेवटचे तीन आकडे झाकून पाठवले तरी चालेल, पण पुढचा कोड आणि आजूबाजूचा पत्रा स्पष्ट दिसला पाहिजे. तोही पाठवत नसेल तर जाऊ नका.