डिस्टोपियन ॲक्शनपटांचे पार्श्वसंगीत

माणसाच्या ताब्यातून सुटलेली यंत्रे, कोलमडलेली शहरे, पाण्यासाठी आणि इंधनासाठी चाललेल्या लढाया अशा भयावह भविष्यकाळात घडणाऱ्या मारधाडपटांसाठी रचलेले संगीत. सिंथेसायझर, धातूचे ठोके, खर्जात घुमणारी पितळी वाद्ये आणि पुन्हापुन्हा फिरून येणारे छोटे लयखंड ही त्याची नेहमीची सामग्री. या संगीताला नुसता गोंगाट समजणाऱ्यांनी आधी त्याची लय मोजून पाहावी.

या परंपरेचे मूळ मूकपटांच्या काळापर्यंत जाते. 'मेट्रोपोलिस' (१९२७) या जर्मन चित्रपटासाठी गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांनी पूर्ण वाद्यवृंदाचे संगीत लिहिले होते. सिंथेसायझर आल्यावर बाज बदलला. 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' (१९८१) चे दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी ॲलन हॉवर्थ यांच्या साथीने स्वतःच संगीत केले, तर 'ब्लेड रनर' (१९८२) साठी व्हँगेलिस यांनी यामाहा सीएस-८० या सिंथेसायझरमधून पावसाळी, उदास शहर उभे केले.

या प्रकाराचा सर्वांत शिकण्याजोगा नमुना म्हणजे 'द टर्मिनेटर' (१९८४). संगीतकार ब्रॅड फीडेल यांनी त्याचे संगीत तुटपुंज्या साधनांवर केले. यंत्रे एकमेकांना आपोआप जुळत नसल्याने लयीचा लूप त्यांनी हातानेच पकडला आणि तो मात्रा पुरी व्हायच्या किंचित आधी तुटला. त्यांनी तो तसाच राहू दिला. पुढे मोजणाऱ्यांना त्यात तेरा मात्रांचे आवर्तन सापडले: तीन, तीन, तीन, दोन, दोन. ऐकणारा सोळाव्या मात्रेची वाट पाहत असतो, आणि ठोका तीन मात्रा आधीच येऊन आदळतो. त्यातला धातूचा आवाज त्यांनी बिडाच्या तव्यावर ठोका मारून मिळवला होता.

सोलापुरात ही लय समजावून सांगायला फार सायास पडत नाहीत. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून आजच्या चादरी-टॉवेलांच्या कारखान्यांपर्यंत या शहराचा कान यंत्राच्या ठोक्यावर तयार झाला आहे. यंत्रमागावर ताण्याचे धागे उघडतात, धोटा पलीकडे जातो, फणी बाण्याचा धागा ठोकते, आणि हे अखंड चालू राहते. पूर्व भागातला मुरलेला विणकर शेजाऱ्याशी बोलता बोलता आपल्या मागाचा ठोका बदललेला ओळखतो आणि हात पुढे करतो. एकसारखी लय त्याला निर्धास्त ठेवते, चुकलेली लय सावध करते. फीडेल यांच्या संगीतात ती चुकतच राहते आणि यंत्र मात्र थांबत नाही. त्याची धास्ती नेमकी इथे आहे.

'द मेट्रिक्स' (१९९९) मध्ये संगीतकार डॉन डेव्हिस वाद्यवृंदाकडे परतले. पितळी वाद्यांचे दोन गट आळीपाळीने आवाजाचा जोर चढवतात आणि उतरवतात, जणू चित्रपटातली आरशांची दृश्येच एकमेकांत उमटत आहेत. मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या (२००३) शेवटी वाजणाऱ्या 'नवरस' या रचनेत तर समूहस्वरात 'असतो मा सद्गमय' हा बृहदारण्यकोपनिषदातील मंत्र येतो. लहानपणी प्रार्थनेत म्हटलेले शब्द तिथे कानावर पडले की मराठी प्रेक्षक चमकून सरसावतो.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) मध्ये डच संगीतकार टॉम होल्केनबोर्ग, म्हणजेच जंकी एक्सएल, यांनी तालवाद्यांना अग्रस्थान दिले. पडद्यावर एका अवाढव्य गाडीच्या मागे ढोलवादक आणि पुढे दोरांवर लोंबकळणारा, ज्वाळा ओकणारी गिटार वाजवणारा वादक आहे. त्यामुळे पात्रे ऐकत असलेले संगीत आणि फक्त प्रेक्षकांसाठीचे संगीत यांतली सीमा पुसली जाते. ऑस्करमध्ये या चित्रपटाला ध्वनीची दोन्ही पारितोषिके मिळाली. संगीताला मात्र नामांकनही नव्हते, आणि ही उपेक्षा खटकते.

भारतात 'कल्की २८९८ एडी' (२०२४) या तेलुगू चित्रपटाने हा प्रकार मोठ्या प्रमाणावर हाताळला. कथा उजाड झालेल्या काशीत घडते आणि संगीत संतोष नारायणन यांचे आहे. पद्मशाली या तेलुगूभाषक विणकर समाजामुळे सोलापुरात तेलुगू घराघरांत बोलली जाते, म्हणून तेलुगू चित्रपटांना इथे हक्काचा प्रेक्षक आहे.

हे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून त्याविषयी मत बनवू नये. लहान स्पीकरला खर्ज पेलत नाही, आणि या रचनांचा पाया खर्जातच असतो. चित्रपटगृह नसेल तर निदान चांगला हेडफोन लावून, एक आवर्तन बोटांवर मोजत ऐकावे.