किरणोत्सारी कणांची मास स्पेक्ट्रोमेट्री

धूळ, माती, राख नाहीतर पुसलेल्या फडक्यावरचा युरेनियम-प्लुटोनियमचा एखादा कण हुडकायचा, त्यातले अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजायचे आणि तो आला कुठून ते ठरवायचं, अशी ही पद्धत.

किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर इथे कामाचा नाही, कारण तो अणू फुटला तरच वाजतो. एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) नैसर्गिक युरेनियम ऑक्साइडच्या कणात अंदाजे १२०० कोटी युरेनियमचे अणू असतात आणि त्यातले युरेनियम-२३८ चे (हा आकडा म्हणजे अणूचं वजन) वर्षाला फुटतात दोनेक, म्हणजे काउंटर लावून बसलं तर पऱ्हाटी पेरून वेचून होईल तरी दोनच टिकटिक! म्हणून फुटायची वाट न पाहता न फुटलेलेच मोजतात.

खळ्यात तूर उफणताना भुसा लांब जातो, दाणा जवळ पडतो, तसंच थोडंफार समजा, फक्त वाऱ्याच्या जागी चुंबक. कणावर ऑक्सिजन आयनांचा मारा केला की त्यातले अणू आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, होऊन उडतात, चुंबकात हलके जास्त वळतात, जड कमी. ही सिम्स (सेकंडरी आयन मास स्पेक्ट्रोमेट्री). कण ॲसिडात विरघळवून, तापलेल्या प्लाझ्मात आयन करून मोजलं तर आयसीपी-एमएस.

मग प्रमाण बघायचं. निसर्गातल्या युरेनियमात युरेनियम-२३५ फक्त ०.७२ टक्के, वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांच्या इंधनात ३ ते ५, बॉम्बसाठी ९० च्या आसपास. युरेनियम-२३६ ठळक दिसला तर माल अणुभट्टीतून जाऊन आलाय. पण फसगतही होते, शिसं २०८ आणि ॲल्युमिनियम २७ चिकटले की बेरीज २३५च येते आणि धुळीत दोन्ही असतात.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस अणुकेंद्रात १० बाय १० सेंटिमीटरच्या सुती फडक्याने पुसून नमुने घेतात, ऑस्ट्रियातल्या सायबर्सडॉर्फला तपासणी होते. अणुबॉम्बच्या पहाऱ्याला शेवटी कापूसच, भाव मात्र आपल्याला कोणी विचारू नये.

आपल्याकडे चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या राखेबद्दलही, हिच्यातलं युरेनियम आलं कुठून, अशी शंका निघते. कोळशात युरेनियम थोडं असतंच, जळून राखेत दाटतं, पण २३८ ला २३५ चं प्रमाण तेच राहतं, १३८ ला १. त्यामुळे गच्चीवरची राख कोळशाच्या चुलीतली की अणुभट्टीतली हे यंत्र सांगतं, ती फुफ्फुसाला चांगली की वाईट हा प्रश्न वेगळा.