पांढऱ्या अंड्याची सावली

स्थिरचित्राच्या मांडणीत पांढरा कप किंवा अंडं दिसलं की विद्यार्थी खूश होतात. कागद पांढराच आहे, बाहेरची रेघ मारायची, एका बाजूला थोडा काळा घासायचा, झालं! चित्र मात्र सपाट राहतं आणि सावलीचा भाग मळल्यासारखा दिसतो. यात दोष हाताचा क्वचितच असतो. डोळ्यात किती प्रकाश आला हे मेंदू आपल्याला कळूच देत नाही, अडचण तिथे आहे.

साधा हिशेब करू. चांगला पांढरा कागद पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत पाठवतो, कोळसा जेमतेम ४ टक्के. भर दुपारच्या उन्हात प्रकाश साधारण १ लाख लक्स (प्रकाश मोजायचं एकक) असतो, घरातल्या खोलीत ३०० धरू. म्हणजे उन्हातल्या कोळशाकडून ४०००, खोलीतल्या कागदाकडून २४०. कोळशाकडून सोळापट प्रकाश येतो, तरी तो काळाच दिसतो आणि कागद पांढरा! मेंदू प्रकाशाचा वाटा बाजूला काढतो, शेजारच्या वस्तूंशी तुलना करतो आणि ‘वस्तू कशी आहे’ तेवढंच सांगतो. कोजागरीचा चंद्र बघा. त्याचा पृष्ठभाग जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट, सरासरी १२ टक्केच प्रकाश परतवणारा. पण शेजारी तुलनेला काळं आकाश, म्हणून तो पांढराशुभ्र दिसतो.

रोजच्या व्यवहारात ही सोय उत्तमच, पण चित्र काढताना ती आड येते. अंड्याची सावलीतली बाजू खरं तर बरीच करडी असते, पण ‘अंडं पांढरं’ हा निकाल आधीच लागलेला असतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पांढऱ्या वस्तूंची सावली काळ्या वस्तूंच्या सावलीसारखी नसतेच, कारण पांढऱ्या वस्तू एकमेकींना उजळतात. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावरून ८० टक्के प्रकाश उसळून अंड्याच्या पोटाला लागतो, तिथून त्याचे ८० टक्के, म्हणजे मूळच्या ६४ टक्के, पुन्हा उसळतात, मग ५१... बंद पांढऱ्या गोलाच्या आत ही बेरीज १ भागिले (१ − ०.८), म्हणजे पाचपट होते. गोल कोळशासारखा काळा असेल तर १ भागिले ०.९६, म्हणजे जेमतेम १.०४ पट. उघड्या टेबलावर पाचपट होणार नाही, बराचसा प्रकाश निसटतो. पण पांढऱ्यातल्या छटा इतक्या जवळजवळच्या आणि मऊ का, ते यातून कळतं. १९८४ साली ॲलन गिलख्रिस्ट आणि ॲलन जेकबसन यांनी एक खोली सामानासकट पांढरी आणि दुसरी सामानासकट काळी रंगवली. काळ्या खोलीत दिवा इतका वाढवला, की तिथून जास्त प्रकाश येऊ लागला. तरीही पाहणाऱ्यांनी पांढरी खोली कोणती ते ओळखलं. सावल्यांचा मऊपणाच त्यांना ते सांगत होता.

हे चित्रकारांना आधीपासून हाताने ठाऊक होतं. फ्रेंच चित्रकार झाँ-बाप्तिस्त उद्री याने १७४९ साली पॅरिसच्या अकादमीत दिलेल्या व्याख्यानात आपल्या गुरूची, लार्जिलिएरची, आठवण सांगितली. गुरूने फुलं आणायला पाठवलं, उद्रीने रंगीबेरंगी गुच्छ आणला. गुरूने तो बाजूला ठेवून सगळी पांढरीच फुलं आणायला लावली. १७५३ मध्ये उद्रीने पांढरं बदक, कापड, मेणबत्ती, चिनी मातीचं भांडं असं पांढऱ्यावर पांढरं रंगवलं, आणि त्यातला प्रत्येक पांढरा वेगळा आहे.

‘उजवा मेंदू जागा करा’, ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ असल्या वर्गांना पालक हजारो रुपये मोजतात, याचा मला राग येतो. मेंदूचा एकच अर्धा भाग चित्र काढतो, याला काही आधार नाही. इथे हवी आहे ती तुलना, आणि ती फुकट आहे. करड्या कार्डाला दोन लहान भोकं पाडा. एकातून अंड्याची उजेडातली बाजू, दुसऱ्यातून पोटाकडची उजळी, म्हणजे कापडावरून उसळून आलेला उजेड, बघा. शेजारचा संदर्भ तुटला की मेंदूला निकाल देता येत नाही आणि नुसता प्रकाश उरतो. पोटाकडची जी उजळी जवळजवळ पांढरी वाटत होती, ती उजेडातल्या सगळ्यात गडद करड्यापेक्षाही गडद निघते. तिच्या वरचा सावलीचा पट्टा त्याहून गडद. बहुतेक चित्रांत अंडं गोल दिसत नाही ते याच जागी: उजळी दोन पायऱ्या जास्त फिकी लागलेली असते. आणि अंड्यावर ऊन किंवा दिव्याचा पिवळा उजेड पडत असेल आणि सावलीच्या बाजूला खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल, तर त्या सावलीत काळा मिसळू नका, ती निळसर असते.