दोन्हीकडे सारखाच डाग

बाळानं मान धरली होती, पालथं पडत होतं. एक साधा ताप आला आणि धरलेली मान सुटली. दूध गिळेना, श्वास मध्येच अडखळू लागला. जत-कवठेमहांकाळकडचे आईबाप असं बाळ घेऊन मिरजेला येतात. 1894 मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागायच्या आदल्या वर्षी, डॉ. वानलेस यांनी इथं रुग्णालय उभारलं, तेव्हापासूनची ही वाट. घरचे म्हणतात, ताप डोक्यात गेला. एमआरआयमध्ये मात्र मेंदूच्या गाभ्यात डावी-उजवीकडे अगदी सारखे पांढरे डाग दिसतात, आणि लीह सिंड्रोम या मेंदूच्या आनुवंशिक आजाराची शंका येते.

1951 मध्ये डेनिस लीह या ब्रिटिश डॉक्टरांनी सात महिन्यांच्या एका बाळाच्या मेंदूत हे डाग पाहिले, पण शवविच्छेदनात. दारूच्या आहारी गेलेल्यांना बी-1 जीवनसत्त्वाच्या अभावानं जी इजा होते, तिच्याशी ते मिळतेजुळते होते. पुढं कळलं, पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रियाच इथं कमी पडतात, आणि मेंदूतल्या सर्वांत भुकेल्या जागा आधी करपतात. दोष प्रत्येक पेशीत, म्हणून डागही दोन्हीकडे. तरी 1971 मध्ये सीटी स्कॅन येईपर्यंत जिवंत मुलाच्या मेंदूत हे पाहायची सोयच नव्हती. ऐंशीच्या दशकात एमआरआय आलं, त्याच यंत्रावरच्या स्पेक्ट्रोस्कोपीनं, म्हणजे मेंदूतली रसायनं ओळखणाऱ्या तपासणीनं, ऊर्जा नीट तयार न झाल्यानं साचलेलं लॅक्टेटही दिसू लागलं.

चित्र जनुकाच्याही पुढं धावलं, हे मला या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. मेंदूचा पांढरा भाग, मेंदूचा देठ आणि मज्जारज्जू यांवर ठरावीक नक्षी उमटवणारा एलबीएसएल हा मायटोकॉन्ड्रियाचाच दुसरा आजार नेदरलँड्सच्या मार्यो व्हान डर क्नाप आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एमआरआयवरूनच वेगळा ओळखला. त्यामागचं डार्स-2 हे जनुक सापडलं 2007 मध्ये.

लीहमागची जनुकं आता शंभराच्या आसपास आहेत. त्यातली बरीचशी आई आणि बाप दोघांकडून यावी लागतात. मामाच्या मुलीशी लग्न होणाऱ्या आपल्या भागात म्हणून ‘लग्न नात्यातलं का?’ हे आधी विचारावं लागतं.

चित्र फसवूही शकतं. 1998 मध्ये वर्णन झालेल्या एका आजारात असेच डाग येतात, पण बायोटिन आणि थायमिन वेळेत दिलं तर मूल सावरतं. थायमिन म्हणजे तेच बी-1. म्हणून असे डाग दिसले की जनुकीय तपासणीला रक्त पाठवतानाच ही दोन्ही औषधं सुरू करतात; रिपोर्टची वाट पाहत नाहीत.