अपोलो १७ चे विक्रम: पार्श्वभूमी

डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या अपोलो १७ मोहिमेतून चंद्रावरच्या टॉरस-लिट्रो दरीत उतरलेल्या दोघांनी तिथे सुमारे ७५ तास काढले, ११० किलो दगडमाती गोळा केली आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतून जवळपास ३६ किलोमीटर फिरले. तीन फेऱ्या मिळून बावीस तास ते यानाबाहेर होते. त्यातली एक फेरी साडेसात तासांच्या पुढे गेली. अपोलो ११ ची एकुलती फेरी अडीच तासांची होती.

ही झेप एकाच मोहिमेची नव्हे. १९७१ च्या अपोलो १५ पासून चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या टाक्या मोठ्या झाल्या, कमरेत वाकता येणारा पोशाख आला आणि गाडी आली. अपोलो १५ ने ७७ किलो नमुने आणले, अपोलो १६ ने ९५. गाडी मात्र मनसोक्त पळवता येत नसे. वाटेत ती बंद पडली तर पाठीवरचा ऑक्सिजन संपायच्या आत पायी यानापर्यंत पोचता आले पाहिजे, हा दंडक होता. म्हणून सर्वांत लांबचा थांबा आधी उरकायचा आणि मग परतीच्या वाटेवरची कामे करायची. अपोलो १७ चे अंतराळवीर असेच यानापासून साडेसात किलोमीटर दूर गेले.

खरा वाद झाला तो माणसांच्या निवडीवरून. पाळीच्या रिवाजानुसार अपोलो १४ च्या राखीव चमूला १७ वी मोहीम मिळायची होती आणि त्यात ध्वनीहून कितीतरी वेगवान रॉकेट-विमान उडवलेला एक कसलेला वैमानिक होता. हॅरिसन श्मिट या भूवैज्ञानिकाची पाळी अठराव्या मोहिमेला येणार होती. पण ती मोहीमच रद्द झाली. चंद्रावर एकही व्यावसायिक शास्त्रज्ञ न जाता कार्यक्रम गुंडाळला जाणार, हे टाळायला वैज्ञानिकांनी जोर लावला आणि ऑगस्ट १९७१ मध्ये वैमानिकाला बाजूला करून भूवैज्ञानिकाचे नाव जाहीर झाले. आधीच्या चमूंना दगड ओळखायला शिकवणाऱ्यांतला हा माणूस. त्याला जेट विमान मात्र निवड झाल्यावर शिकावे लागले होते. वैमानिकावर अन्याय झाला, हे नाकारता येत नाही. तरी शॉर्टी विवराच्या काठावर नारिंगी माती हेरली ती भूवैज्ञानिकानेच. ती साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची काच निघाली. किलो आणि किलोमीटरच्या यादीत हे कुठे बसत नाही, हा यादीचाच दोष.

माणूस पृथ्वीपासून किती दूर गेला, त्या अंतराचा विक्रम तर ठरवून केलेलाच नव्हता. एप्रिल १९७० मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर जीव वाचवायला चंद्रामागून वळसा घेणाऱ्या अपोलो १३ ने तो ४,००,१७१ किलोमीटरवर नेला. नेहमीच्या कक्षेपेक्षा ते यान चंद्राच्या पाठीमागून जास्त उंचीवरून गेले.

पृष्ठभागावरचे विक्रम इतकी वर्षे टिकण्यामागे पैशाची कात्री आहे. जानेवारी १९७० मध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये आणखी दोन मोहिमा रद्द झाल्या. उरलेल्या सॅटर्न ५ रॉकेटांपैकी एकाने १९७३ मध्ये अवकाशस्थानक वर नेले, बाकीची प्रदर्शनात मांडली गेली.